पहिला ‘व्हय’

“पण नाव का नाही घ्यायचं, आबा?”

रवळनाथाच्या देवळाच्या पायरीवर बसून आबा घाडी अडकित्त्याने सुपारी कातरत होते आणि त्यांचं सगळं लक्ष त्या सुपारीत होतं.

“लोकांना कळायला नको, कुणाबद्दल चाललंय ते?”

“गाऱ्हाणा लोकांक घालतत काय देवाक?”

दिगंबर पालव गप्प झाले.

जिल्हा परिषदेत पालवांना गप्प करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं त्यांचे कार्यकर्ते सांगतात. कार्यकर्ते देवळाकडे फारसे फिरकत नाहीत, म्हणून असं सांगतात.

दक्षिण कोकणात कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. नांगर धरायचा असो, होडी पाण्यात ढकलायची असो, की निवडणुकीला उभं राहायचं असो, गाव आधी देवासमोर जमतं. गावातला जाणता माणूस देवाशी मोठ्याने बोलतो. घरातल्या थोरल्याशी बोलावं तसं बोलतो. मागणं मागतो, तक्रार सांगतो. प्रत्येक वाक्यानंतर गाव म्हणतं, ‘व्हय म्हाराजा’. गावाने व्हय म्हटलं की ते बोलणं एकट्याचं राहत नाही.

या गावात त्याला आणखी दोन रिवाज आहेत. तक्रारीच्या गाऱ्हाण्यात कुणाचं नाव घ्यायचं नाही, हा एक. आणि ज्याचा नारळ, त्याचा पहिला व्हय. नारळ आणणाऱ्याने व्हय म्हटल्याशिवाय गाव तोंड उघडत नाही. रिवाज कुणी पाडले ते कुणाला माहीत नाही. मोडायचं धाडसही कुणी केलेलं नाही.

आज नारळ पालवांचा होता.

ऊन नुकतं वर आलं होतं. खाली रस्त्यावर झेंडे लावलेल्या जीपगाड्या येऊन थांबत होत्या. पालवांचा मोर्चा तालुक्याला जायचा होता, पंचायत समितीचे सभापती वामन नाटेकर यांच्या विरोधात. नाटेकरांनी अंगणवाडी सेविकेच्या जागेवर आपली सून बसवली होती. परीक्षेत पुढे असलेली एक गरीब मुलगी त्यासाठी डावलली होती. गोष्ट खरी होती. पालवांनी ती बाहेर काढली होती, आणि गेला महिनाभर ते गावोगाव नीतिमत्तेवर बोलत होते. फार छान बोलत होते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

पक्षाच्या वरच्या लोकांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, नाटेकरला आडवा करा, आमदारकीचं तिकीट तुमचं.

आणि मोर्चाला माणसं हवी असतील तर आबांचं गाऱ्हाणं हवं होतं. आबांनी गाऱ्हाणं घातलं की नाटेकरांच्या वाडीतले लोकही जीपमध्ये चढले असते. देवासमोर व्हय म्हटल्यावर मागे कोण राहणार?

पालव आबांच्या शेजारी, एक पायरी खाली बसले. कडक इस्त्रीचा लेंगा मळेल याची त्यांनी पर्वा केली नाही. त्याचं कारण आहे. बोलायला ते याच पायरीवर शिकले होते. तरुणपणी ते आबांच्या मागे उभे राहायचे. कुठे थांबायचं, श्वास कुठे घ्यायचा, वाक्य कुठे सोडलं की गावाचा व्हय आपोआप येतो, हे आबांनी त्यांना शिकवलं. तेव्हा ते व्हय घेत. आता त्याच जागी थांबून टाळ्या घेतात. विद्या तीच, पीक वेगळं.

“बरा, काय म्हणाचा आसा तुका?” आबांनी विचारलं. “माका म्हणान दाखव.”

पालवांनी घसा साफ केला. आदल्या दिवसापासून त्यांनी ते मनात घोळवलं होतं.

“ज्या नाटेकरान दुसऱ्याच्या लेकीच्या ताटातलो घास काढून आपल्या घरात नेल्यान, आणि वर तोंड करून गावात फिरता, त्येका उघडो पाड, म्हाराजा.”

आबांनी अडकित्ता थांबवला. थोडा वेळ त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात फिरवलं असावं.

“बरा बांधलंस,” ते म्हणाले. “खूप बरा बांधलंस.”

पालवांचा चेहरा उजळला. एवढ्या मोठ्या माणसाला अजून या म्हाताऱ्याची शाबासकी लागते, ही त्यांच्यातली मला आवडणारी गोष्ट.

“नाटेकर काढतंय मी. ‘ज्या कोणी’ घालतंय,” आबा म्हणाले.

“आबा...”

“ज्या कोणी दुसऱ्याच्या लेकीच्या ताटातलो घास काढून आपल्या घरात नेल्यान. पुढचा तुझाच.”

पालवांनी मान हलवली. म्हणाले, चालेल. कुणाबद्दल आहे ते शेंबड्या पोरालाही कळेल.



खाली रस्त्यावर गर्दी वाढत होती. कोणीतरी जीपवरचा लाउडस्पीकर लावून बघत होतं. एक, दोन, तीन, आणि मग खरखर. देवळाच्या फाट्यावर, जिथे काजू कारखान्याची गाडी थांबते, तिथे चार-दोन बायका डबे घेऊन उभ्या होत्या.

आबांनी तिकडे बघत विचारलं, “सुताराची सुलभा हल्ली खंय असता रे?”

प्रश्न अगदी सहज होता. सुलभा मेस्त्री त्या बायकांतच उभी होती, आणि आबांची नजर म्हातारपणीही चांगली होती.

पालवांनी रुमालाने मान पुसली.

ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी बोलत नाही. गावातल्या विकास सोसायटीचे चेअरमनही पालवच. मागे सोसायटीत कारकुनाची जागा निघाली. परीक्षा झाली. बाबल सुताराची सुलभा पहिली आली, आणि नेमणूक झाली निलेशची. निलेश म्हणजे पालवांच्या बहिणीचा मुलगा. सुलभा बी.कॉम. आहे. ती आता काजू सोलते. काजूच्या चिकाने बोटं काळी पडतात, म्हणून ती हात पदराखाली धरते. सकाळी पालवांची गाडी फाट्यावरून जाते तेव्हा पालव नेमके फोनमध्ये काहीतरी बघत असतात.

“ते वेगळं आहे, आबा,” पालव म्हणाले.

आबा ऐकत होते.

मग पालवांनी ते कसं वेगळं आहे ते सांगितलं. बहिणीचा नवरा गेला, घरात कमावणारं कुणी नाही. निलेश अभ्यासात मागे पडला, पण पोरगा वाईट नाही. शिवाय संचालकांचा ठराव होता, सगळं नियमात बसवून केलं होतं. आणि नाटेकरांना काय कमी होतं? दोन मजली घर, आंब्याची बाग. त्यांचा तो लोभ. आपली ती अडचण होती.

हे सगळं ते प्रमाण मराठीत सांगत होते, सभेत सांगतात तसं, मुद्दे पाडून. आबांशी मनातलं बोलायचं असलं की ते मालवणीत बोलतात.

“बरा...” आबा म्हणाले.

“तुम्हाला पटत नाही.”

“माका खंय विचारतंस? नारळ माझो नाय.”

पालवांना राग आला. इतका वेळ आवरलेला होता तो बाहेर आला. तुम्ही नाटेकरांना वाचवताय का, असं त्यांनी विचारलं. म्हणजे माझा पाय कुठेतरी घसरला म्हणून त्याने गावाला लुटलं तरी मी तोंड शिवून बसायचं का? धुतल्या तांदळासारखा माणूस शोधत बसलो तर चोराला चोर म्हणणार कोण?

प्रश्न बरोबर होता. आबांनीही तो चुकीचा आहे असं म्हटलं नाही.

“नाटेकरान खाल्ल्यान ता खाल्ल्यान,” ते म्हणाले. “तू सांगलंस म्हणान ता खोटा होणा नाय.”

“मग?”

“मगे काय? घालतंय गाऱ्हाणा. तू नारळ घेवन उभो रवतलंस मां?”

“राहतो ना.”

“आवाज बरो आसा मां तुझो?”

पालव हसले. आवाजावर तर निवडून येतो, म्हणाले.

आबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. पालवांनी आधार दिला, तो त्यांनी घेतला.

*

देवळाच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे मानकरी, त्यांच्या मागे वाडीवाडीची माणसं, कडेला बायका. कारखान्याची गाडी यायला उशीर होत होता म्हणून फाट्यावरच्या बायकाही वर येऊन उभ्या राहिल्या. गाऱ्हाणं चाललं असताना फाट्यावर उभं राहणं बरं दिसत नाही.

पालव नारळ घेऊन समोर उभे राहिले.

आबांनी डोळे मिटले. त्यांचा आवाज म्हातारा आहे, पण देवाशी बोलायला लागले की तो सरळ होतो.

“बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा तुझ्या दाराक इली हत. त्येंका पदरात घे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” पालव म्हणाले. मागून गाव म्हणालं, “व्हय म्हाराजा.”

“होडयेक वारो दी, शेताक पाणी दी, पोरांक बुद्धी दी, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“घरातला भांडाण घरात मिटव, उंबऱ्याभायर जावचा नाय असा कर, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” या वेळी बायकांचा आवाज जरा मोठा होता.

मग आबा थांबले. पालवांना त्यांनीच शिकवलं होतं तसे, वाक्याच्या आधी. श्वास घेतला.

“आणि ज्या कोणी दुसऱ्याच्या लेकीच्या ताटातलो घास काढून आपल्या घरात नेल्यान, आणि वर तोंड करून गावात फिरता, त्येका उघडो पाड, म्हाराजा.”

...

पालवांचं तोंड उघडलं होतं. शब्द आला नाही.

लोकांना वाटलं, त्यांना खोकला येतोय. लोक थांबले.

वाक्य त्यांचंच होतं. बांधलेलंही त्यांनीच. त्यातलं एक नाव काढून घेतलं होतं, बस. आणि नाव काढल्यावर मागे जी जागा उरली होती, तिच्यात ते उभे होते. आदल्या दिवसापासून इतक्या वेळा त्यांनी ते घोळवलं, पण नावासकट घोळवलं, त्यामुळे त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

मागे उभ्या असलेल्या एका कार्यकर्त्याने हळूच म्हटलं, “भाऊ, व्हय म्हणा.”

भाऊ म्हणाले नाहीत.

कार्यकर्ता हुशार होता. साहेबांचा घसा बसला असेल असं समजून त्याने स्वतःच मोठ्याने “व्हय म्हाराजा” म्हणून टाकलं. सभेत घोषणा देतात तसं. पण गाव हललं नाही. नारळ त्याच्या हातात नव्हता. तो एकटाच ओरडून उभा राहिला, आणि हळूहळू त्याचे कान लाल झाले.

आबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

...

कडेला सुलभा उभी होती. पालवांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. तिचं लक्ष रस्त्याकडे होतं, गाडी चुकली तर तिचा खाडा लागणार होता. तिने पालवांकडे रागाने पाहिलं असतं तर बहुधा त्यांना ‘व्हय’ म्हणता आलं असतं. रागाला उत्तर द्यायची त्यांना सवय आहे.

एक शब्द तर होता. त्यांनी मंचावरून याहून कितीतरी मोठी खोटी वाक्यं सहज म्हटली होती. हेही म्हणून टाकलं असतं तर मोर्चा निघाला असता, तिकीट आलं असतं. गावाने मनातल्या मनात काय म्हटलं असतं ते मनातच राहिलं असतं. असं गावोगाव चालतं, आणि कुणाचं काही अडत नाही.

मला वाटतं, त्यांना देवाची भीती वाटली नाही. लाजही त्या क्षणी वाटली नसेल. ज्या जागेवर त्यांना आवाज मिळाला होता, त्या जागेवर तो खोटा लागेना, एवढंच झालं.

“आबा...” ते म्हणाले.

“काय रे?”

“ह्या माका लागता.”

“कोणाक?”

“माका.”

पालवांनी नारळ दोन्ही हातांनी छातीशी धरला.

“मगे म्हण,” आबा म्हणाले.

“काय म्हणू?”

“व्हय.”

पालवांनी मान खाली घातली.

“व्हय... म्हाराजा.”

मागच्या रांगेला ते ऐकू गेलं नसावं. पण पुढच्या रांगेने ऐकलं, आणि पुढची रांग मागच्या रांगेसारखीच गप्प राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. पालवांना तो फार वाटला असणार. माणसाने खरं बोलावं आणि समोर कुणीच नसल्यासारखं व्हावं, याइतकं एकटेपण मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग उजवीकडून, सुतारांच्या बाजूने, एक जाड आवाज आला. बाबल मेस्त्री. सुलभाचा बाप.

“व्हय म्हाराजा.”

आणि त्याच्या मागोमाग गाव. मोठ्याने नाही, घोषणेसारखं तर नाहीच. प्रत्येकजण जणू आपापल्या घरातलं काहीतरी आठवून म्हणत होता.

“चुकलेल्याक सुधारूची बुद्धी दी,” आबा पुढे म्हणाले, मधे काही झालंच नाही असं. “आणि ज्येचा गेला, त्येका त्येचा परत मेळांदे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

*

मोर्चा गेला नाही. जीपगाड्या आल्या तशा परत गेल्या. तो ओरडलेला कार्यकर्ता सगळ्यात आधी गेला.

पालव देवळातून निघाले ते सरळ फाट्यावर. कारखान्याची गाडी येऊन थांबली होती. पालवांनी सुलभाला सांगितलं की निलेश राजीनामा देईल, आणि उद्यापासून जागा तुझी. त्यांना वाटलं असेल की ती रडेल, निदान हात तरी जोडेल. पुढाऱ्याला एवढं वाटतंच, चांगलं काम करतानाही वाटतं.

सुलभाने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“माका उपकार नको, भाऊ,” ती म्हणाली. “परीक्षा परत घेवा. निलेशाकव बसवा.”

आणि गाडीत चढली.

पालव रस्त्यावर उभे राहिले.

पुढे जे व्हायचं ते झालं. निलेशने राजीनामा दिला. बहिणीने पालवांशी बोलणं टाकलं. भाऊबिजेलाही तिने ओवाळलं नाही, पालव तिच्या दारावरून परत आले. तिकीट दुसऱ्या कुणाला तरी गेलं. पक्षाच्या माणसाने फोनवर त्यांना समजावलं की साहेब, राजकारणात प्रामाणिकपणा असावा, पण वेळ बघून असावा. सोसायटीची परीक्षा पुन्हा जाहीर झाली, या वेळी पेपर तपासायला बाहेरगावचे मास्तर. सुलभा कारखान्यातून आल्यावर अभ्यास करते. एका संध्याकाळी निलेश हिशेबातली अडलेली गणितं घेऊन तिच्याकडे गेला, आणि तिने त्याला ती समजावून दिली. हे मात्र गावातल्या कुणालाच अपेक्षित नव्हतं.

आणि वामन नाटेकर?

नाटेकरांना सोन्याचे दिवस आले. ते आता गावोगाव नीतिमत्तेवर बोलत होते. जे स्वतः कबूल करतात की आम्ही भाच्याला चिकटवलं, त्यांनी आम्हाला शिकवू नये, असं म्हणायचे. टाळ्या पडायच्या. सून अंगणवाडीत होतीच.

*

एका संध्याकाळी पालव देवळात बसले होते. हल्ली ते बरेचदा येतात. गाडी आणत नाहीत.

पालवांनी शेजारी बसलेल्या आबांना विचारलं ते असं, की आपण हे सगळं केलं, त्याने कुणाचं भलं झालं? आपलं होतं ते गेलं. नाटेकर होता तिथे आहे, उलट दोन बोटं वर चढला. सुलभाचं अजून नक्की नाही. मग एका शब्दाने झालं काय?

आबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“झोप लागता?” त्यांनी विचारलं.

“लागता,” पालव म्हणाले. “कित्या कोण जाणे, पण लागता.”

“फाट्यावरसून येताना फोन बघतंस?”

पालव हसले. त्यांना उत्तर द्यावं लागलं नाही.

तेवढ्यात नाटेकरांचा माणूस पायऱ्या चढून आला. पालवांना तिथे बघून तो घुटमळला, पण कामगिरी सोपवलेली होती, तेव्हा सांगून मोकळा झाला. सभापतींचा निरोप होता. येत्या सोमवारी त्यांना गाऱ्हाणं घालायचं आहे, नारळ त्यांचा. नाव घ्यायचं नाही हे त्यांना माहीत आहे. फक्त एवढं म्हणायचं, की ज्या कोणी गावाक फसवून खुर्ची धरल्यान, त्येका खाली उतरव, म्हाराजा. सोमवारी तालुक्याहून पेपरवालेही येणार आहेत.

आबा म्हणाले, बरं. घालतंय म्हणून सांग.

माणूस गेला.

पालव उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा तापला होता. अंगणाच्या टोकापर्यंत ते गेले, परत आले. पुन्हा गेले. मला पाडायला माझ्याच देवळात, माझ्याच गुरूच्या तोंडून, असं काहीतरी ते पुटपुटत होते. घालू नका, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी म्हटलं नाही. आणि मग ते जागच्या जागी थांबले...

नाटेकरांचं वाक्य ते मनात पुन्हा म्हणून बघत होते. नावाशिवाय.

जरा वेळाने ते आबांजवळ येऊन बसले. राग गेला होता. त्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं, आणि त्याची त्यांना नाटेकरांच्या बाबतीत सवय नव्हती.

“आबा,” ते हळू आवाजात म्हणाले, “पयलो व्हय त्येकाच म्हणूचो लागतलो.”

“व्हय तर.”

“एवढ्या माणसात... पेपरवाल्यांसमोर.” पालव थांबले. “त्येका जमतला?”

आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“सोमवारी तू येवन त्येच्या बाजूक उभो रव, दिगू. पयल्या व्हयाक गळो धरता.”